परत गेलेली प्लेट

प्रिय अहो,

हे 'प्रिय' बघून हसू नका. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला नुसतं 'अहो' म्हणून हाक मारली, पण पत्राला नुसतं 'अहो' कसं लिहायचं? तुम्ही गेलात त्याला वर्ष होऊन गेलं. एवढ्या दिवसांत दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज बसलेय, कारण अकरा वाजता मुंबईहून गाडी येणार आहे मला न्यायला, आणि उद्या मला कॅमेऱ्यासमोर तुमच्याविषयी खोटं बोलायला सांगितलंय. निदान तुम्हाला आधी सांगावं, नाही का?

बॅग अर्धी भरून पलंगावर पडलीय. ती मोरपंखी साडी काढलीय. टीव्हीवाल्यांच्या फोनवरच्या मुलीने सांगितलंय, "काकू, पांढरं नको, बारीक चेक्स नकोत, आणि थोडं घरगुती दिसू द्या." घरगुती दिसू द्या म्हणे! मी काय शोरूममधून आणलेली आहे?

सांगते सगळं. पण मध्ये बोलू नका.

आपली केतकी टीव्हीवरच्या त्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत आहे. हो, त्याच. तुम्ही सोफ्यावर मांडी घालून ज्या कार्यक्रमाला शिव्या घालायचात, पण एकही भाग चुकवायचा नाहीत, तोच. लांबपर्यंत पोहोचलीय हो पोरगी. आता थोडेच जण उरलेत. त्यांना तिकडेच मुंबईत ठेवलंय, फोन काढून घेतात आणि दिवसातून थोडा वेळ देतात. मी रोज संध्याकाळी टीव्ही लावून बसते आणि तुमची जागा रिकामी ठेवते. तिथे कुशन ठेवलं तरी मला चालत नाही.

काय काय बोलायचात तुम्ही त्या कार्यक्रमाला! "अगं सुनंदा, बघ बघ, निकाल सांगायच्या आधी किती वेळ नुसते डोळे दाखवतायत. भाजी गार झाली ना त्यांची!" परीक्षक एक घास खाऊन चमचा ठेवायचे की तुमचा ठरलेला प्रश्न यायचा, "आणि उरलेलं कोण खातं?" दरवेळी! मी काय सांगणार कोण खातं? मी काय तिथं धुणीभांडी करते? पण तुम्हाला खरंच काळजी वाटायची. एवढं मोठं ताट, एवढ्या मेहनतीने केलेलं, आणि एका घासावर टाकून द्यायचं, याने तुमची झोप उडायची.

आणि ते तुमचं दुसरं. स्पर्धकाच्या डोळ्यांत पाणी आलं, मागे ती सनई वाजायला लागली की तुम्ही गुडघ्यावर थाप मारायचात. "आलं! पदार्थात मीठ कमी पडलं वाटतं, आता आजी काढतील बघ." आणि खरंच कुणाची तरी वारलेली आजी निघायची, कुणाचा आजारी भाऊ. तुम्ही हसायचात आणि मी तुमच्यावर चिडायचे, की मेलेल्या माणसाची काय थट्टा करता.

अहो, मागच्या आठवड्यात केतकीने तुम्हाला काढलं.

मी पोळ्या लाटत होते. ओटा आवरून मग बसायचं असतं माझं, पण तिचा आवाज आला म्हणून लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. तिने शेंगोळे केले होते. तुमच्या आईचे, सटाण्याचे, हुलग्याच्या पिठाचे. पांढऱ्याशुभ्र बशीत कसला तो रस्सा, वर कोथिंबिरीचं एकेक पान मोजून ठेवलेलं. परीक्षकांनी विचारलं, "ये डिश ही क्यों?" आणि आपली केतकी, जी दहाव्यालासुद्धा रडली नाही ती केतकी, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या बाबांनी जाण्याआधी शेवटचा घास माझ्या हातचा खाल्ला. हेच शेंगोळे होते."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. सनई सुरू झाली होती. ते उंच परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होते. शेजारच्या शिंदे वहिनी दार न वाजवता आत आल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या. "कधी बोलला नाहीत हो तुम्ही!" काय बोलणार होते मी? मागे तव्यावर पोळी जळत होती आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होते.

शेवटचा घास! अंबडला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात होता तुमच्या. तोही अर्धाच प्यालेला. बाजूलाच बसलेल्या रऊफभाईंनी तुम्हाला धरलं म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. हे मला माहीत आहे, केतकीला माहीत आहे आणि रऊफभाईंना माहीत आहे. आता सगळा महाराष्ट्र भलतंच धरून बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रऊफभाईंचा फोन. आवाज पडलेला. "भाभी, कल देखा टीव्हीपे." मी म्हटलं, "हो." मग म्हणाले, "त्या दिवशी केतकीच्या पबमध्ये मी होतो साहेबांबरोबर. काय झालं मी बघितलंय. पण मी कुणाकडे तोंड उघडणार नाही. तुम्ही जे सांगाल तेच झालं होतं." मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवल्यावर इतका राग आला मला! कुणावर ते कळेना. त्या भल्या माणसाला पोरीने गप्प बसायला लावलं. आणि तुम्ही वर बसून मजा बघताय.

आता त्या टीव्हीवाल्यांना चटक लागली ना! उद्या घरच्यांचा भाग आहे. मी पडद्यामागून यायचं, केतकीला माहीत नसणार, आणि सनईवर मी म्हणायचं. काय म्हणायचं ते मोबाइलवर पाठवलंय. वाचून दाखवते. "केतकी, बाबांनी तुझ्या हातचे शेंगोळे खाल्ले आणि माझा हात धरून म्हणाले, आता मी सुखाने डोळे मिटतो." अहो, तुम्ही असं कधी बोलला असतात का? माझा हात तुम्ही फक्त रस्ता ओलांडताना धरायचात, तोसुद्धा मनगटाला!

मी नाही म्हटलं तर पोरगी सगळ्यांपुढे खोटी पडते. हो म्हटलं तर तुम्ही खोटे पडता, आणि तुम्हाला उठून भांडताही येणार नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय हो. सकाळपासून दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळेला साखर विसरले.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही खोटं बोलला नाहीत कधी, हीच तर पंचाईत आहे. बाकी गोष्टींत बोलायचात! मुळ्ये काकांकडच्या साखरपुड्याला ताप आला म्हणून सांगून घरी मॅच बघितलीत. पण जिभेवर आलेलं कधी गिळलं नाहीत.

हॉटेलात जायचं म्हणजे मला धास्तीच असायची. सगळी माणसं आधी मेन्यू बघतात, हे आधी हात धुवायची जागा बघणार. बेसिन घाण असलं की मला म्हणणार, "चल." भुकेने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी, आणि तुम्ही आपले चल! लग्नाच्या वाढदिवसाला शालिमार चौकापासून कॉलेज रोडपर्यंत चालवलंत मला, आठवतंय? शेवटी वडापाव खाल्ला गाडीवर. आणि वर तुम्ही खूश, की त्याचं तेल ताजं होतं.

वेटरला कुणी शुकशुक केलं किंवा चुटकी वाजवली तर दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन सांगायचात, "त्याला नाव आहे." मी खुर्चीत बारीक व्हायचे. आणि त्या हॉटेलवाल्याने कांद्याचे वेगळे पैसे लावले तेव्हा? "नाशिक जिल्ह्यात बसून कांदा विकत? उद्या गोदावरीचं पाणी बाटलीत भरून द्याल!" मॅनेजर हसला म्हणून बरं. रविवारी मिसळीला गेलो तर तिथे उंट, झोके, सेल्फीची चौकट. तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "मिसळ खायला आलोय का जत्रेला?" पण तर्री जमलेली होती, तर उंटाला वळसा घालून गेलात भटारखान्याच्या दारात, बाईला सांगायला.

ते एक मला आवडायचं तुमचं. जेवण जमलं की आत जाऊन आचाऱ्याला सांगायचं. मालकाला नाही, आचाऱ्याला. घामाघूम माणूस टॉवेलने तोंड पुसत बाहेर यायचा, त्याला वाटायचं तक्रार आहे, आणि तुम्ही हात जोडायचात.

आणि प्यायला बसायची तुमची पद्धत! मी कधी आले नाही बरोबर, पण रऊफभाईंकडून ऐकलंय सगळं. ते थेंबाला शिवत नाहीत, तरी दर शनिवारी तुमच्याबरोबर परमिट रूममध्ये सोडा-लिंबू घेऊन बसायचे. जो पीत नाही त्याला का पीत नाहीस विचारायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. दुसऱ्या ग्लासानंतर कंपनीचा विषय बंद. जो हजर नाही त्याच्या घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत. आवाज चढला की उठायचं. कॉलेज रोडवर नवे पब निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "बसायला खुर्च्या आहेत तरी उभ्याने पितात, आणि गाणी इतकी मोठ्याने की समोरच्याचं दुःख ऐकू येत नाही. मग प्यायचं कशाला?" मला तर हसू आलं होतं. दुःख ऐकायला जातात होय हे लोक?

आणि अशा पबच्या किचनमध्ये आपली इंजिनीअर पोरगी नोकरीला लागली.

"इंजिनीअर होऊन दारुड्यांना चकणा तळणार?" हे तुमचं वाक्य मी विसरलेले नाही. केतकी तर नाहीच. पुण्याची चांगली नोकरी सोडून ती आली, गंगापूर रोडच्या त्या पबमध्ये कांदे चिरायला लागली, आणि तुम्ही तिच्याशी बोलणंच टाकलंत. ती सुट्टीला घरी आली की पेपर वर धरायचात. तोच पेपर, तेच पान! दुसऱ्याच्या आचाऱ्यापुढे हात जोडणारा माणूस आणि स्वतःच्या पोरीपुढे पेपर? सांगा ना, कुठला न्याय होता हा? मी तुम्हाला किती वेळा बोलले. तुम्ही म्हणायचात, "तिला कळेल." तिने काय कळून घ्यायचं होतं, कप्पाळ?

मग एक दिवस रऊफभाईंना घेऊन तुम्ही तिच्या पबमध्ये गेलात. मला न सांगता! मला सांगितलं असतंत तर मी आले असते, त्या दणदणाटात कानात कापूस घालून बसले असते. पण नाही. तिने मेन्यूत शेंगोळे टाकलेत हे तुम्हाला कुठून तरी कळलं होतं. आईचे शेंगोळे पबमध्ये, म्हणजे तुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली असणार, असंच मला वाटलं.

रात्री जेवायच्या वेळेला आलात. चपला काढल्या आणि म्हणालात, "काय आहे खायला?" मी म्हटलं, "बाहेर जेवून येणार होतात ना?" तर म्हणालात, "केतकीकडे गेलो होतो. शेंगोळे आतून कच्चे होते. परत पाठवले." "मग?" "मग बसलो. नाही आले परत." एवढंच. सकाळची वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्लीत. परत पाठवले म्हणालात तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख झालं होतं.

हे बाहेरच्यांना कळणार नाही. बाहेरच्यांना वाटतं, प्लेट परत पाठवली म्हणजे अपमान केला. पण तुमचं उलटं होतं. जेवण वाईट असलं तर तुम्ही मुकाट्याने खाऊन, बिल देऊन उठायचात आणि त्या हॉटेलची पायरी पुन्हा चढायचा नाहीत. एक शब्द बोलायचा नाहीत. पण वणीच्या रस्त्यावर त्या ढाब्यात पिठल्यात गाठी निघाल्या तेव्हा परत पाठवलंत. "मावशी, सावकाश परत करा. आम्ही बसलोय." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. बाई आधी फणकारली, मग तिने परत केलं, आणि त्यानंतर गडावर जाताना दरवेळी आपण तिथेच थांबायला लागलो. केतकी लहान होती. तिनेच विचारलं होतं, "बाबा, काल त्या हॉटेलात भाजी खारट होती तेव्हा का नाही बोललात?" आणि तुम्ही म्हणालात, "तिथे परत कोण जाणार आहे?"

म्हणजे तुम्ही भांडायला गेला नव्हतात. पेपर खाली ठेवायला गेला होतात. पण पोरीला हे कसं कळणार, ते लहानपणीचं ती विसरली असणार, असं मी धरून चालले. तिला समजावू म्हटलं तर तुम्ही त्याच आठवड्यात गेलात. मग तर तिच्यापुढे तो विषय काढायची सोय राहिली नाही. मी 'बाबा त्या दिवशी' एवढं म्हटलं तरी ती उठून आत जायची.

आज सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. रोजच्यासारखाच. "आई, जेवलीस का, गोळी घेतलीस का." तिला काही माहीत नव्हतं. मला बजावून सांगितलंय, काकू, सरप्राइज आहे, बोलू नका. मी म्हटलं सरप्राइज गेलं खड्ड्यात.

"केतू, मी उद्या येतेय तिकडे. स्टेजवर. बाबांनी तुझे शेंगोळे खाल्ले ते सांगायला."

मला वाटलं कट झाला.

"हॅलो?"

"आई, तू काय सांगणारेस?"

"तूच सांग काय सांगू. मी घरी होते त्या रात्री. ते उपाशी आले होते गं." मग माझा तोल सुटला. "का बोललीस असलं? कुणी सांगितलं होतं? तुझा बाप खाण्याच्या बाबतीत कधी खोटं बोलला नाही आणि तू त्याला सगळ्या जगापुढे..."

"मग काय सांगायला हवं होतं? बाबांनी माझी प्लेट परत पाठवली आणि वारले, असं सांगू?"

"अगं, परत पाठवली म्हणजे तुला वाटतंय तसं नाही ते! ते परत पाठवायचे म्हणजे..."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"मला तेव्हाच कळलं होतं आई. वेटर प्लेट घेऊन आत आला ना, तेव्हाच. त्या ढाब्यासारखं. ते म्हणाले होते, सांग तिला, मी बसलोय. मी पीठसुद्धा परत मळायला घेतलं होतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मग वाटलं, बसू दे. जरा बसू दे त्यांना. मला वर्षभर बसवलंय ना, जरा त्यांनाही बसू दे. किचनच्या खिडकीतून दिसत होते. पाणी पीत होते. रऊफकाका घड्याळ बघत होते. मी म्हटलं आणखी थोडा वेळ. मग ऑर्डरी आल्या. वर बघितलं तर टेबल पुसत होते."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"मी नंबर यावा म्हणून नाही बोलले गं. मला एकदा तरी ते म्हणून बघायचं होतं, की त्यांनी खाल्ले." आणि मग ती रडायला लागली, अहो. वर्षानंतर. फोनवर, परक्या मुंबईत, कुठल्या तरी जिन्यात उभी राहून. "आई, तू पण म्हण ना. उद्या एकदाच म्हण. तू म्हणालीस तर मला खरं वाटेल."

तेवढ्यात तिकडून कुणी तरी हाक मारली, फोनची वेळ संपली, आणि कट.

आता सांगा! एवढं सगळं मला फोनवर ऐकवून पोरीने फोन ठेवला आणि तुम्ही फोटोत बसलाय तो चेकचा शर्ट घालून. कुणाकडे जाऊ मी? मी तिला अशी झोडपायला घेतली होती, आणि ती हे पोटात घेऊन फिरत होती. मी एवढी रडले की शिंदे वहिनी परत येतील म्हणून तोंडात पदर कोंबला.

आणि एक क्षण, खरं सांगते, वाटलं की म्हणून टाकावं. काय बिघडतं? तुम्ही गेलात. पोरगी आहे. तुमच्या एका खोट्या घासाने तिच्या घशाखाली अन्न उतरणार असेल तर उतरू दे. ते वाक्य मी आरशापुढे म्हणूनसुद्धा बघितलं. "केतकी, बाबांनी तुझ्या हातचे शेंगोळे खाल्ले." अहो, माझ्या तोंडात बसेना ते. परत म्हटलं, परत बसेना. आणि ती काय माझं ऐकून विश्वास ठेवणार? तिने रिकामं टेबल बघितलंय. मी कितीही म्हटलं तरी ते टेबल तिच्या डोळ्यांपुढून जाणार नाही, उलट मला खोटं बोलायला लावलं हे आणखी एक होईल.

मग त्या फोनवरच्या मुलीला मी फोन केला. म्हटलं, "बाळा, मी ते वाक्य म्हणणार नाही."

"काकू, थोडं बदलून म्हणा, चालेल. इमोशन तेच राहू द्या."

"बदलून नाही. ते झालंच नव्हतं."

वाईट नाही ती, आपल्या केतकीएवढीच असेल. "मग काकू, तुम्हाला आणायचं की नाही ते सरांना विचारावं लागेल. आणि केतकी ताईंचं ते आधीचं... म्हणजे तुम्ही स्टेजवर काय बोलणार?"

"काही नाही बोलणार."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. ती काय सांगेल ते तिचं ती सांगेल. खरं सांगायचं असेल तर तिच्या तोंडाने सांगेल, मी सांगून तिला उघडी पाडणार नाही. मला फक्त माझ्या मुलीला भेटायचंय."

"विचारून सांगते," म्हणाली. अजून फोन नाही. सव्वाअकरा होऊन गेलेत. गल्लीत गाडीचा आवाज आला की मी खिडकीशी जाते. एकदा गॅसवाला निघाला आणि एकदा शिंद्यांचा जावई.

गाडी आली तर गाडीने जाईन. नाही आली तर महामार्ग स्टँडवरून बसने जाईन, पत्ता माझ्याकडे आहे. दारात अडवलं तर दारात बसेन. मला त्या पोरीला एक सांगायचंय, जे सकाळी फोन कट झाला म्हणून राहून गेलं. मला वाटत होतं ती प्लेटीवरून दुखावलीय, म्हणून मी वर्षभर प्लेटीचंच समजावायची तयारी करत बसले. हे दुसरं मी तिला कधी बोललेच नाही. बोलून काय उपयोग, आणखी लागेल तिला, असं वाटायचं.

त्या रात्री भाकरी खाऊन तुम्ही मोरीत हात धुवायला गेलात. नळ सुरू होता. तिथूनच म्हणालात, "रस्सा मात्र आईसारखा जमलाय. शनिवारी परत जातो." मी म्हटलं, "मी पण येते." तुम्ही म्हणालात, "तू नको. तू आलीस की ती तुझ्याशी बोलते आणि माझ्याकडे बघत नाही." गुरुवारी तर तुम्ही गेलात.

अहो, तुम्ही चिडून उठला नव्हतात तिथून. रऊफभाईंना घरी जायचं होतं म्हणून उठलात. एवढं तिला कुणी सांगितलंच नाही.

तर मी तुम्हाला शब्द देते. तुम्ही खाल्लं नाहीत ते खाल्लं असं मी म्हणणार नाही, कुणी कितीही सनई वाजवली तरी. आणि शनिवारचं त्या लोकांना देणार नाही, त्याच्यावर कुणाला डोळे पुसू देणार नाही. ते तिचं आहे. ते पदराला लावतात तो माइक आधी काढून हातात देईन त्यांच्या. मग तिला जवळ घेईन आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून तिच्या कानात सांगेन, बाबा शनिवारी परत येणार होते. टीव्हीवर फक्त माझी पाठ दिसेल. बरीच रुंद आहे, तुम्हीच म्हणायचात, पोरगी पूर्ण झाकली जाईल.

तुमची,
सुनंदा